पाटल्यांचं बिल: थोडे रोख, थोडे कार्डावर चालतं का?

कृष्णाकाठची (८ नोव्हेंबर २०२३)
परवा धनत्रयोदशीला आईला पाटल्या घ्यायच्यात, चार तोळ्यांची जोडी. पेढीवर अंदाज काढून घेतला. २२ कॅरेट, ग्रॅमला ५,६०० धरून सोनं २,२४,०००, त्यावर दहा टक्के मजुरी, वर तीन टक्के जीएसटी. एकूण २,५३,७९२. आईला भिशी लागलीय, ती आणि तिची डब्यातली शिल्लक मिळून दीड लाख रोख. (दोन हजाराच्या नोटा मी मुदतीआधीच बँकेत भरून टाकल्या, त्याचा राग अजून गेलेला नाही.) उरलेले माझ्या डेबिट कार्डावर.

पेढीवरचा मुलगा म्हणतो, कार्डाला दोन टक्के जादा पडतील. वर, "ताई, एकेका पाटलीचं वेगळं बिल करू, म्हणजे पॅन नको." आई लगेच तयार! मला पटेना. एकाच बिलावर दोन्ही चालत नाही का? आणि ते दोन लाखांचं बंधन बिलाला की रोखीला?

गल्ल्यावरचा
निम्मं आयुष्य सराफाच्या गल्ल्यावर गेलं, म्हणून सांगतो. चालतं. लग्नसराईत आमच्याकडे एकाच बिलावर रोख, चेक, दोन जावयांची कार्डं आणि जुन्या सोन्याची मोड, असं सगळं यायचं. फक्त बिलावर फोड लिहून घ्या: रोख १,५०,०००, कार्ड १,०३,७९२. पुढे काही परत करायची वेळ आली तर कशाचे किती, यावरून वाद नको.

दोन लाखांचा नियम १ एप्रिल २०१७ पासूनचा, प्राप्तिकराचं कलम २६९एसटी. तो रोख मोजतो, बिल नव्हे. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख वा त्याहून जास्त रोख दुकानदाराने घ्यायची नाही. घेतली तर तेवढाच दंड, आणि तो त्याला. तुमची दीडच आहे.

पॅनचं गणित निराळं. बिल दोन लाखांवर गेलं की पैसे कसेही द्या, पॅन द्यायचा. आईंकडे नसेल तर फॉर्म ६० भरतात. जोडी एकदम विकायची आणि बिलं दोन फाडायची, हा पॅन चुकवायचा जुना उद्योग. त्यात तुमचा फायदा काडीचा नाही.

आणि आधी कार्ड ओढा, मग नोटा मोजा. पैसे गल्ल्यात गेल्यावर मशीन अडलं की त्या गर्दीत ना पाटल्या हातात, ना पैसे.

आकडेमोड
डेबिट कार्डाला दोन टक्के कुठले? कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानदाराकडून शुल्क कापते, ते १ जानेवारी २०१८ पासून रिझर्व्ह बँकेने बांधून दिलंय. वर्षाची उलाढाल २० लाखांवर असलेल्या दुकानाला फार तर ०.९० टक्के, तेही एका व्यवहाराला १,००० रुपयांच्या आत. तुमच्या रकमेवर ९३४ रुपये होतात, तो मागतोय २,०७६! शिवाय ते गिऱ्हाइकाच्या माथी मारायचंच नसतं. रुपे डेबिट असेल तर २०२० पासून त्यालाही शून्य. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे सराफ कुरकुरतात ते समजू शकतो.

कृष्णाकाठची
रुपेच आहे! पण कार्डाची रोजची मर्यादा एक लाख दिसतेय. वरच्या ३,७९२ चं काय?

गल्ल्यावरचा
बँकेच्या ॲपमध्ये मर्यादा वाढते का बघा. नाहीतर तेवढे यूपीआयने द्या, बिलावर तिसरी ओळ येईल, इतकंच. जादाचे दोन टक्के मागितलेच तर म्हणावं, तेही बिलावर लिहा. सहसा कोणी लिहीत नाही.

आकडेमोड
मशीनवर व्यवहार फसला पण खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, तर दुकानात वाद घालत बसू नका. पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला बँक १०० रुपये देणं लागते. पण त्या दिवशी कार्डाची मर्यादा अडकून बसू शकते, तेव्हा घरातलं दुसरं एखादं कार्ड बरोबर ठेवा.