फोटोचा मेटाडेटा वाचायला एक्झिफटूलच हवं का?

रानवाटा
माझं मत स्पष्ट आहे: फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती, म्हणजे मेटाडेटा, वाचायला सॉफ्टवेअर हवं ते एक्झिफटूलच. राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तारीख, शटर स्पीड, आयएसओ दिसतं आणि लोक तिथेच थांबतात. फाइलच्या पोटात एक्झिफ, आयपीटीसी, एक्सएमपी असे वेगळे कप्पे असतात, वर मेकरनोट्स, म्हणजे प्रत्येक कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या नोंदी. सेकंडहँड निकॉन डीएसएलआर घेताय? विकणाऱ्याकडून ताजी मूळ फाइल मागवा. बहुतेक मॉडेल्सच्या मेकरनोट्समध्ये शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं) सापडतो, प्रॉपर्टीजमध्ये तो नसतो. फिल हार्वे यांनी 2003 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि अजूनही अपडेट होतं.

लेन्सवाली_ठाणे
अजिबात पटलं नाही. हे कमांड टाइप करणाऱ्यांसाठी झालं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला ढीगभर फोटोंतून कुठली लेन्स, किती अ‍ॅपर्चर एवढंच बघायचं असतं, तेही थंबनेल समोर ठेवून. त्याला डिजिकॅम किंवा एक्सएनव्ह्यू एमपी असं फोटो बघायचं सॉफ्टवेअर द्या. दोन्हीत एक्झिफटूलचा टॅब आहेच, मग त्या काळ्या खिडकीचा आग्रह कशाला? अवघड साधन गळ्यात मारलं की माणूस मेटाडेटा बघणंच सोडतो.

रानवाटा
तो टॅब उघडणार असाल तर माझी तक्रार नाही. पण बहुतेक जण वर दिसणारं कॅप्शन वाचून पुढे जातात. एकाच फोटोचं कॅप्शन तीन कप्प्यांत, तीन तऱ्हेचं असू शकतं. सॉफ्टवेअर त्यातलं एक दाखवतं आणि ते कुठून घेतलं हे बरेचदा सांगत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना याचा फटका जास्त. एक्सएमपी युनिकोडमध्येच असतं, देवनागरी शाबूत राहते. आयपीटीसीच्या जुन्या रचनेत अक्षरसंच वेगळा नोंदवावा लागतो, नाहीतर अक्षरांचा चिवडा होतो. एक्झिफच्या वर्णनाच्या रकान्यात तर नियमाने फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकडे, चालायचं. यूटीएफ-8 ला, म्हणजे युनिकोडला, जागा मिळाली ती एक्झिफच्या 2023 च्या 3.0 आवृत्तीत. गावच्या जत्रेचे, जुन्या वाड्याचे फोटो मराठीत नोंदवून ठेवायचे तर कुठला मजकूर कुठल्या कप्प्यात आहे ते दिसलंच पाहिजे.

घाटमाथा
मी ऑनलाइन व्ह्यूअरवर फोटो टाकते, सगळं दिसतं. इन्स्टॉल करायची कटकट नाही.

लेन्सवाली_ठाणे
घाटमाथा, इथे मी रानवाटांच्या बाजूने. लोकेशन चालू असेल तर घरात काढलेल्या मोबाइल फोटोत घराचं जीपीएस असतं, आणि ते तुम्ही अनोळखी सर्व्हरला देताय. 2012 मध्ये मॅकॅफी अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपून बसले होते. ते ग्वाटेमालात आहेत हे प्रसिद्ध झालेल्या फोटोतल्या जीपीएसवरूनच उघड झालं.

घाटमाथा
माझे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले असतात, त्यात लोकेशन नसतं.

रानवाटा
लोकेशन नसतं तसं कॅमेऱ्याचं बाकीचंही नसतं, मग व्ह्यूअरमध्ये वाचणार काय? डॉक्युमेंट म्हणून मागवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. आणि ती मात्र स्वतःच्या कॉम्प्युटरवरच उघडा.

तिसरी_घंटा
तुम्ही सगळे सॉफ्टवेअरवर भांडताय, माझा आक्षेप आकड्यांवरच्या विश्वासाला आहे. एक्झिफटूल तारीख वाचतं तसं बदलतंही. शिवाय एक्झिफच्या वेळेसोबत टाइमझोन लिहायची सोय 2016 च्या 2.31 आवृत्तीत आली. न्यू जर्सीतल्या गणपतीचा फोटो, कॅमेरा भारतीय वेळेवर: जुन्या फाइलमध्ये आरती भलत्याच वेळी झालेली दिसेल, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

रानवाटा
मान्य. पण फोटोत जीपीएस असेल तर त्याची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेगळी नोंदलेली असते. दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो, आणि त्यासाठी सगळे रकाने दाखवणारं सॉफ्टवेअरच लागतं.