१८७८चा पोर्तुगीज-इंग्रज करार आणि गोवा

मांडवीकाठ: काल एका महाशयांनी लिहिलं, "१८७८च्या करारात इंग्रजांनी गोव्याला रेल्वे दिली, मुरगावचं बंदर दिलं, वर वर्षाला ४ लाख रुपये. अजून काय हवं होतं?" ते ४ लाख कशाचे, तेही लिहा की! मिठावरचा हक्क इंग्रजांकडे गेला त्याची भरपाई होती ती. हद्दीवरची जकात उठली खरी, पण दर लागू झाले ब्रिटिश हिंदुस्थानचे. माडाच्या सुरेवर अबकारी वाढली आणि रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे, भरडले गेले. याला सहकार्य म्हणायचं तर सावकाराचं गहाणखतही सहकार्यच.

घाटावरचा: रडगाणं पुरे. १८८१ला गोव्याचा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीतून आला, इंग्रजी रुपयाच्याच तोडीचा. नाणं बदलताना कापला जाणारा बट्टा वाचणं म्हणजे काय, ते व्यापाऱ्याला विचारा. आरोपी सोपवायची कलमंही होती. इकडे दरोडा, तिकडे आसरा, हे किती दिवस चालायचं?

मांडवीकाठ: दरोडेखोर कोण नि बंडवाला कोण, हे कुणी ठरवायचं? पोर्तुगिजांविरुद्ध बंड करणाऱ्या सत्तरीच्या राणे घराण्याला विचारा. आणि रेल्वे! कंपनी लंडनची, व्याजाची हमी पोर्तुगालची. छान दान.

सातार्डेकर: तुमचे रुपये राहू द्या. माझ्या पणजीची सासू सरपणाच्या भाऱ्यात मीठ लपवून हद्दीवरची तेरेखोल नदी ओलांडायची. इंग्रजी हद्दीत मिठावर कर किती होता, माहितेय? आणि खारवलेला बांगडा गोव्याच्या मिठातलाच. बाकी सगळी माती.

उरणकर: माती?? आमच्या मिठागरांवर येऊन बोला. आजोबा आयुष्यभर पायाला फोड घेऊन त्यात उभे होते.

सातार्डेकर: आजोबांना नमस्कार. मीठ मात्र कडू.

उरणकर: तोंड सांभाळा.

घाटावरचा: अहो, धागा कराराचा आहे! बरं, मिठाचं मान्य करतो, वाईट झालं. पण १८८०ला लागू झालेला करार १८९२ला संपला, मीठ परत मिळालं. म्हणजे त्रास १२ वर्षांचाच.

मांडवीकाठ: "१२ वर्षांचाच"! मिठागराचा बांध दोन पावसाळे बघितला नाही तर खाडी आत येते, साहेब. कधी चिखलात उतरलाय?

घाटावरचा: नाही उतरलो. तुम्ही उतरलात?

मांडवीकाठ: मामाच्या मिठागरात, दर मे महिन्यात.

घाटावरचा: मग जिंकलात. रेल्वे मात्र अजून चालते.

उरणकर: सातार्डेकर, एक पिशवी मीठ पाठवतो. पत्ता द्या. मग बोलू.