इनर व्हीलची मेंबर होऊ का? कुणाला अनुभव आहे का?

रानजाई:
नमस्कार मैत्रिणींनो. मिस्टरांच्या बदलीमुळे आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलोय. शेजारच्या काकू इथल्या इनर व्हील क्लबमध्ये, म्हणजे रोटरीशी नातं असलेल्या बायकांच्या समाजसेवेच्या क्लबमध्ये आहेत, त्या कधीच्या मागे लागल्यात की तू मेंबर हो, जुलैत नवीन वर्ष सुरू होतंय, नाव देऊन टाक. मला काम करायची मनापासून इच्छा आहे, पुण्यात असताना वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायचे, ते इथे आल्यापासून बंद पडलंय आणि त्याची चुटपुट लागून राहिलीय. पण क्लबचे फोटो बघितले तर सगळ्यांच्या एकसारख्या साड्या, बुके, हळदीकुंकू, मंगळागौर, आणि शाळेला दोन फॅन दिले तर त्या दोन फॅनमागे अख्खा क्लब उभा. म्हणून विचारतेय, काम खरंच होतं का? आमचे हे रोटरीत नाहीत, तरी घेतात का? खर्च किती येतो? सासूबाई घरी एकट्या असतात, त्यामुळे वेळ किती द्यावा लागेल तेही सांगा.

बांधावरची:
रानजाई, मी बीड जिल्ह्यातल्या क्लबमध्ये बरीच वर्षं आहे, सेक्रेटरीही होते. आधी नियमाचं सांगते. पूर्वी रोटरियनची बायको किंवा नात्यातलीच बाई लागायची, 2012 पासून तसं नाही, क्लबमधल्या बहुतेक जणींची संमती असली की कुठल्याही बाईला बोलावता येतं. वर्गणी वर्षातून एकदा, त्यातला काही भाग इनर व्हीलच्याच वरच्या पातळ्यांना, म्हणजे डिस्ट्रिक्ट, असोसिएशन आणि इंटरनॅशनलला जातो. खरा खर्च वर्गणीचा नाहीच, साड्या, काँट्री आणि डिस्ट्रिक्टच्या असेंब्लीला जाण्याचा असतो. तो टाळता येतो, पण पहिल्याच मीटिंगला स्पष्ट सांगायचं की मी साडीच्या ग्रुपात नाही. कुणी खात नाही, सांगून टाकायचं.

आता कामाचं. तुझा प्रश्न बरोबर आहे पण फोटोवरून कळणार नाही. एक विचार, गेल्या वर्षीचं काम या वर्षी चालू आहे का? इनर व्हीलचं वर्ष 1 जुलै ते 30 जून, दरवर्षी प्रेसिडेंट बदलते, वरून नवीन थीम येते, नव्या प्रेसिडेंटला स्वतःचा प्रोजेक्ट हवा असतो आणि जुना तिथेच राहतो. शाळेत पॅडचं मशीन बसवलं, उद्घाटन झालं, मशीनमधले पॅड संपल्यावर परत भरायचे कुणी, तर जिच्या काळात बसलं ती आता प्रेसिडेंट नाही. हे मी खूप बघितलंय आणि दरवेळी जीव तुटतो, कारण त्या मुली मशीनकडे बघून परत जातात.

आमच्याकडे एचपीव्हीच्या लसीचं ठरलं, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची. तेव्हा 9 ते 14 वयाच्या मुलींना दोन डोस द्यायचे होते, मधे सहा महिने. सगळ्यांचं म्हणणं जुलैत सुरू करू, शाळा उघडलेल्या असतात, नवीन प्रेसिडेंटचा पहिलाच कार्यक्रम दणक्यात होईल. तेव्हा गावातल्या आशा वर्कर म्हणाल्या, मॅडम जुलैत पहिला दिला की दुसरा जानेवारीत येतो, तेव्हा या पोरी आईबापासोबत ऊसतोडीला कारखान्यावर, कुणी कोल्हापूरला तर कुणी कर्नाटकात, शोधणार कुठे? मग आम्ही पहिला डोस एप्रिलात घ्यायचं ठरवलं, माणसं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावी आलेली असतात तेव्हा, म्हणजे दुसरा ऑक्टोबरात, टोळ्या निघायच्या आधी. पण मग पहिला डोस एका प्रेसिडेंटच्या काळात आणि दुसरा दुसरीच्या! त्यावर मीटिंगमध्ये चांगलीच वादावादी झाली. शेवटी दुसऱ्या डोसचे पैसे आधीच वेगळे काढायचा ठराव केला आणि मुलींच्या नावांची वही एकाच मेंबरकडे कायमची दिली, प्रेसिडेंट कुणीही असो. त्या वहीत मुलीचं नाव, आईचा मोबाइल, मुकादमाचा मोबाइल आणि पहिल्या डोसची तारीख. ऑक्टोबरात त्या वहीवरून फोन करत बसणं, लस बर्फाच्या डब्यात 2 ते 8 डिग्रीत सांभाळत वाडीवर नेणं, याचा फोटो कुणी काढत नाही, पण काम हेच आहे. तू पुण्यात मुलांचा अभ्यास घ्यायचीस म्हणजे तुला रोज जायची सवय आहे, अशी बाई प्रत्येक क्लबला हवी असते.

सरळमार्गी:
मला एक कळत नाही, 2026 साल आलं तरी बायकांचा वेगळा क्लब कशाला? सरळ रोटरीतच जा ना. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये निकाल दिला आणि 1989 पासून रोटरीत बायका रीतसर मेंबर होतात. मी रोटरीत आहे, ग्रँट मोठ्या मिळतात, निर्णय आपण घेतो, नवऱ्याच्या क्लबचा स्वयंपाक बघायला लागत नाही.

बांधावरची:
सरळमार्गी, तुमचं शहरात बरोबर आहे. पण इनर व्हील रोटरीच्या हाताखाली नाही, स्वतंत्र संस्था आहे, पैसा आणि ठराव आमचे. 1924 मध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी सुरू केली, त्या स्वतः नर्स होत्या. भारतात पहिला क्लब 1955 ला अहमदाबादला. आणि तालुक्याच्या गावात काय होतं, रोटरीची मीटिंग रात्री साडेआठला, नंतर जेवण, तिथे आमच्या कितीतरी जणींना घरून पाठवणारच नाहीत. आमची दुपारी तीनला असते. ज्या बाईने आयुष्यात कधी चेकवर सही केली नव्हती ती आमच्याकडे ट्रेझरर झाली आणि आता बँकेत मॅनेजरशी उभी राहून बोलते. माझ्यासाठी ही गोष्ट लसीइतकीच मोठी आहे.

फौजीची_बायको:
मी आवामध्ये आहे, म्हणजे आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन. तिथे नवरा फौजेत म्हणून आपण आपोआप, हो-नाही विचारायचा प्रश्न कमी. सुरुवातीला मला फक्त चहा आणि नीट बसायचं-बोलायचं यांचंच दडपण यायचं. मग आशा स्कूलमध्ये जायला लागले, ती विशेष मुलांची शाळा असते, तिथल्या एका मुलाला शर्टचं बटण लावायला शिकवण्यात माझा सगळा सीझन गेला, आणि लागलं एकदाचं! रानजाई, मेंबर झाल्यावर पदाच्या मागे लागू नकोस, एक काम धर. पदं आपोआप गळ्यात पडतात.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. काल काकूंना विचारलं की मागच्या वर्षीचं काय चालू आहे, तर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या वाचनालयाचं सांगितलं, पुस्तकं दिलीत पण कपाटाची चावी हेडमास्तरांकडे आणि मुलांना महिन्यातून एकदा मिळतात. मी म्हटलं मी रोज दुपारी जाऊन बसते, चावी माझ्याकडे द्या. काकू म्हणाल्या मीटिंगमध्ये मांडते. सासूबाई म्हणाल्या मीपण येते, मुलांना गोष्टी वाचून दाखवते. बांधावरची ताई, अजून एक, हिशोबाचं नवीन मेंबरने विचारलं तर चालतं का? वाईट दिसेल का?

बांधावरची:
अगं बिनधास्त विचार. वर्षाच्या शेवटी ऑडिट झालेला हिशोब क्लबसमोर ठेवायचा असतो, तो बघायचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. आणि प्रोजेक्टचे पैसे आणि आपल्या जेवणाखाणाचे पैसे एकाच खात्यात आहेत का वेगवेगळ्या, एवढं नक्की विचार. चावीचं मात्र हेडमास्तरांकडून लेखी घे, पुस्तकांची यादी दोघांच्या सहीने कर, नाहीतर एखादं हरवलं की पंचाईत होते.