टाके, कॅसेट आणि रहाट

‘गाणी ऐकून टाके दुखायचे थांबतात होय?’ असं शस्त्रक्रियेच्या वेळी गाणी ऐकवायचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच. थांबत नाहीत, पण दुखणं कमी होतं, एवढं तपासून पाहिलेलं आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. संगीत ऐकणाऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदना आणि घालमेल कमी, वेदनाशामकंही कमी. गंमत म्हणजे पूर्ण भूल दिलेल्यांतही फरक दिसला. घरी मात्र लवकर सोडलं नाही, हेही त्यातच आहे!

कल्पनाचित्रांचं, म्हणजे कुणीतरी सांगेल तसं शांत दृश्य मनात उभं करण्याचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा १९९७ चा प्रयोग बघा. आतड्याच्या शस्त्रक्रियेचे १३० रुग्ण. निम्म्यांना आधी ३ दिवस, टेबलावर असताना आणि नंतर ६ दिवस कॅसेट ऐकवली. त्यांना अफूवर्गीय वेदनाशामकं बरीच कमी लागली.

आता घरचं. बाबांच्या बायपासच्या आदल्या रात्री मी मोबाईलवर तसलं एक रेकॉर्डिंग लावलं. ‘डोळे मिटा, तुम्ही समुद्रकिनारी आहात...’ बाबांनी इयरफोन उपटला. ‘मला पोहता येत नाही, माहितीय ना?’ तयार माल सगळ्यांना चालत नाही तो असा. मग मागे हळू संतूर ठेवून मीच त्यांच्या आजोळची विहीर सांगायला घेतली. रहाटाची कुरकुर, ओला दोर, हाताला लागणारा काथ्या. दहा मिनिटांत मुठी सैल झाल्या. सकाळी परत तेच, रात्री रेकॉर्ड करून ठेवलेलं, लावलं. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरांनी इयरफोन काढले तर बाबा म्हणतात, ‘थांबा हो, घागर अजून वर यायचीय.’