प्रति: गोरा पाद्री आणि काळा बिशप

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की आफ्रिकी लोकांनाच गोऱ्या पाद्रीबद्दल जास्त आदर वाटतो, म्हणजे दोष त्यांचाच. मला हे अजिबात पटत नाही. ही मानसिकता आली कुठून, हे सॅम्युअल अजायी क्राउदर यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

आजच्या नायजेरियातल्या योरुबा समाजातला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेलेला. ब्रिटिश आरमाराने जहाज पकडलं म्हणून सुटला आणि सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनमध्ये शिकला. पुढे बायबलच्या योरुबा भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता. 1864 मध्ये इंग्लंडमधल्या कँटरबरीला त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) ते पहिले आफ्रिकी बिशप. तेव्हासुद्धा पश्चिम आफ्रिकेतल्या काही युरोपीय मिशनऱ्यांना काळ्या बिशपच्या हाताखाली काम करायचं नव्हतं!

नंतर क्राउदर यांच्या नायजर मिशनमध्ये (नायजर नदीच्या भागातल्या धर्मप्रसाराच्या कामात) तरुण इंग्रज मिशनरी आले आणि 1890 मध्ये त्यांनी या ऐंशीच्या घरातल्या बिशपच्या आफ्रिकी सहकाऱ्यांवर नालायकीचा शिक्का मारून त्यांना निलंबित केलं. काहींच्या चुका असतीलही, पण शिक्षा सगळ्या वंशाला झाली. 1891 च्या अखेरीस क्राउदर वारले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. साठेक वर्षं आफ्रिकी माणूस तिथे फार तर सहायक बिशप होऊ शकत होता. दोन पिढ्या वेदीजवळ हाच क्रम पाहत वाढल्या, त्यांच्या मनात दुसरं काय रुजणार?

आणि सगळे गप्प बसले असंही नाही. क्राउदर यांच्याच मुलाने, डँडसनने, 1892 मध्ये नायजर डेल्टातली चर्चेस मिशनच्या ताब्यातून स्वतंत्र केली. चर्चा करायची तर या लोकांबद्दलही करूया.