मदत हवी आहे : शल्यचिकित्सा फेलोशिपच्या निवडीत व्यक्तिमत्त्व चाचणी वापरावी का?

एम.एस.चे (शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवीचे) प्रवेश नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या क्रमांकावर होतात, त्यामुळे तिथे विभागाला काहीच ठरवता येत नाही. मात्र आमच्या धर्मादाय रुग्णालयातील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांच्या फेलोशिपसाठी दरवर्षी २ उमेदवार आम्हीच निवडतो. १५ मिनिटांच्या मुलाखतीत दोन परीक्षकांचे गुण फार वेगळे येतात, आणि बॉक्स ट्रेनरवर (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाच्या पेटीवर) टाके घालून घेतले तर हात कळतो, पण रक्तस्राव आवरत नसताना हा माणूस वरिष्ठांना वेळेवर हाक मारेल का, हे कळत नाही. म्हणून गेल्या वर्षी व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांवरची ५० विधानांची प्रश्नावली गुण न धरता भरून घेतली; त्यांपैकी कर्तव्यदक्षतेत सगळेच जवळपास पूर्ण गुणांवर होते, जे निवडीच्या वेळी साहजिकच आहे, कारण तेव्हा प्रत्येक जण आपली चांगली बाजूच दाखवतो. मायर्स-ब्रिग्ज ही व्यक्तिमत्त्वाचे प्रकार सांगणारी चाचणी कृपया सुचवू नये, कारण ती निवडीसाठी वापरू नये असे तिचे प्रकाशकच सांगतात. अर्जदार २०च्या आसपास असतात, मानसशास्त्रज्ञ उपलब्ध नाही, आणि एखादा उत्तम पण अबोल उमेदवार चाचणीमुळे गळू नये, याची मला मनापासून काळजी वाटते. ब्रिटनच्या एमएसआरए परीक्षेत (डॉक्टरांच्या विशेष प्रशिक्षणासाठीच्या निवड परीक्षेत) असतात तसे व्यावसायिक पेचप्रसंगांचे प्रश्न आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरला साजेसे करून कुणी वापरले आहेत का, आणि त्यांची उत्तरे कोणी व कोणत्या निकषांवर तपासली?