मेहली मेहता : वादक की शिक्षक?

वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक वादन थांबल्यावरच शिकवण्याकडे वळतो, असे एक मत मांडले जाते; ते मला पूर्णपणे पटत नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांची ओळख बहुधा वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील एवढीच करून दिली जाते, आणि ते अन्यायाचे आहे. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढे न्यूयॉर्कला जाऊन वयाच्या पस्तिशीनंतर नामवंत व्हायोलिनशिक्षक इव्हान गलामियन यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून व्हायोलिनचे धडे घेतले, आणि मग मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात संचालक जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली वाजवले. ज्याने स्वतः इतक्या उशिरा शिकण्याची तयारी ठेवली, त्याला शिकवणे दुय्यम वाटणे अवघडच.

लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली आणि वयाच्या नव्वदीपर्यंत तिचे संचालन केले. तिचे कार्यक्रम श्रोत्यांसाठी विनामूल्य असत. व्यावसायिक वाद्यवृंदात सामूहिक वादनाची जी शिस्त लागते, ती एकट्याच्या रियाझातून येत नाही. ती अशा ठिकाणीच अंगी बाणते. मुंबईत त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान १९९५ पासून मुलांना पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवत आहे.